ढब्बूनं तोंड फिरवलं

—न्हाई, न्हाई, वायर न्हाई खायची, वायर न्हाई... दे इकडं. दे. शाब्बास. आता बस इथं चटईवर, माझ्या समोर, आणि खरं खरं सांग, हे तूच शिकवलंस की न्हाई त्याला? हसून चालायचं न्हाई शिवांशा. अकरा महिन्यांचा हाईस, दोनच दात आल्यात, म्हणून तुला कायदा लागू होत न्हाई असं समजू नकोस. उद्या अकरा वाजता पुण्यासनं माणसं यायची हाईत, आपला ढब्बू बघायला. त्यांना पटला तर मला वर्षभर काम करायला जागा, यंत्रं, सगळं मिळणार हाय. आणि त्यांच्यातलं जे मुख्य हाईत ते साठीचं हाईत — पांढरा शर्ट, चष्मा, पिकलेली मिशी, मी फोटो बघितलाय त्यांचा — आणि पांढऱ्या शर्टातलं म्हातारं माणूस दारात दिसलं की आपला ढब्बू काय करतोय? भिंतीकडं तोंड फिरवतोय! पावण्यांना पाठ दाखवतोय! रोबोट हाय का रुसलेली सून हाय?... आणि माझ्या मानेवर अंगठा दाबायचं बंद कर आधी. महिना झाला, ज्याच्या त्याच्या मानेवर टुक टुक, टुक टुक. परवा त्या बायडाबाईची दुधाची किटली सांडली असती तुझ्या टुकटुकीनं. तुझी आई, आमची अक्का, तुला डॉक्टरकडं घेऊन गेली या टुकटुकीपायी, तर तिथं जाऊन त्या डॉक्टरांच्याबी मानेवर टुक टुक!

बरं, मुद्द्यावर येऊया. हा ढब्बू तुला खेळणं वाटतोय, व्हय ना? कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलाय, डोकं म्हणजे अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा, त्याला दोन कॅमेरे, खाली एकच हात. दाराचा हिरवा रंग उरलेला तेवढाच घरात होता म्हणून तो दिला, आणि तुझी आज्जी, आमची अव्वा, म्हणाली, हे तर ढब्बू मिरचीगत दिसतंय — झालं, नाव पडलं, बारसं झालं. पण याच्यासारखा कुणी न्हाई बघ. याला बटण न्हाई, हुकूम न्हाई. फिटर कामाला वाकलाय, दोन्ही हात तेलानं भरल्यात, त्यानं नुसतं पान्याकडं बघितलं, की यानं पाना उचलून त्याच्या हातात द्यायचा. नुसत्या नजरेवर. तू करतोस तसं! काल मी चष्मा हुडकत होते, कुणाला काय बोलले का? न्हाई. नुसतं खाटेखाली बघितलं, आणि तू रांगत गेलास, चष्मा आणलास. आधी चघळलास, ते सोड, पण आणलास की! तुला कुणी सांगितलं, मावशीच्या डोळ्याच्या मागनं जायचं? कुणी न्हाई. नऊ महिन्यांचा झालास आणि सुरू केलंस. जगातली सगळी पोरं करतात. आणि कागलला पंचतारांकित एमआयडीसीत मी चौदा महिने ज्या यंत्रांबरोबर काम केलं ना — दोन माणसांएवढा पिवळा हात, पिंजऱ्यात ठेवलेला — त्याला हे येत न्हाई. एकदा एका हेल्परचा चष्मा आत पडला, तर त्या हातानं त्याच्यावरनं जाऊन वेल्डिंग केलं. एकदा न्हाई, चार वेळा. चष्म्याचा टिपका झाला. मी ओरडाले, बंद करा, बंद करा, आणि ते आपलं ठिणग्या उडवालंय — कारण ते कुणाच्या तोंडाकडं बघतच न्हाई! ते बघून मला वाटलं, हे शहाणं कसलं? हे तर जगातलं सगळ्यात ताकदवान आंधळं. त्या दिवशी मी ठरवलं.

म्हणजे राजीनामा त्याच दिवशी दिला असं न्हाई. नंतर दिला. घरात विचारून? ...तू असले प्रश्न विचारू नकोस, पायाचं बोट तोंडात घाल गप.

तर पहिल्यांदा मी काय केलं, सगळे करतात तेच. इंटरनेटवरनं हजारो व्हिडिओ काढले, माणसं माणसांना वस्तू देतात त्याचे, आणि ते ढब्बूला दाखवले. तो काय शिकला? कायबी न्हाई. चमचा मागितला तर स्टुलावरनं खाली टाकायचा. मग मला तू आठवलास. तुला टाळ्या शिकवायच्या म्हणून मी मोबाईलवर स्वतःचाच व्हिडिओ केलता, टाळ्या वाजव बाळा, टाळ्या वाजव — पंधरा दिवस दाखवला, तू पडदा चाटलास. आणि बायडाबाई दूध घालायला आली, उंबऱ्यातच बसली, तुझ्या डोळ्यात बघितलं, म्हणाली, वाजीव की रं मर्दा, आणि दोनदा वाजवून दाखवल्या — तिसऱ्या टाळीला तू सुरू! दुधाची किटली घेऊन फिरणारी बाई माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांवर पाय देऊन गेली. पण मी खूश झाले बघ, लै खूश. कारण कळलं — माणसाचं पिल्लू चित्राकडनं शिकत न्हाई, माणसाकडनं शिकतंय. समोरचं माणूस आपल्याकडं बघतंय का, आपण हात केला की हात करतंय का, हसलं की हसतंय का, हे आधी बघून घेतंय, आणि मग शिकतंय. मग ढब्बूला प्रयोगशाळेत कशाला शिकवायचं? आणून बसवला इथं सोप्यात, दारासमोरच्या खोलीत, तुझ्या शेजारी. आठ आठवडे. तू बघशील ते त्यानं बघायचं, तू वळशील तसं त्यानं वळायचं. तू गुरू, तो चेला. आता कळलं का कुणाच्या भरवशावर मी उद्याचा दिवस टाकलाय? लाळ पूस.

आणि शिकला की रे! अव्वा आली, मान वळवली. अक्का बँकेतनं आली, मान वळवली, तिच्या पिशवीकडं हात केला — ते तुझंच, खाऊ हुडकायचं. बायडाबाई आली तर मान पण हलवली आणि किटलीपण धरायला गेला, ती म्हणाली, आगं सौंदर्या, हे तर माझ्या जावयापेक्षा बरं हाय. सगळी हसली. मग मी म्हटलं आता सगळ्यांच्या समोर एकदा नीट चाचणी घेऊया, म्हणून परवा सगळ्यांना एकेक करून दारातनं आत यायला लावलं. अव्वा. अक्का. शेजारच्या चिमणाबाई. मग तुझा अज्जा, आमचे अप्पा. मी बोलावलं नव्हतं, अव्वानंच ढकललं, म्हणाली, आता तुम्ही जावा. अप्पा आले, दारात उभे राहिले, पांढरा शर्ट, हात मागं बांधलेले. आणि ढब्बूनं मान वळवली — वळवली — वळवतच गेला, पार भिंतीकडं. आणि तिथंच थांबला. मला वाटलं तार अडकली. परत लावलं. अप्पा परत आत आले, परत भिंत. तिसऱ्यांदा पण भिंत. चिमणाबाई पदर तोंडात घालून हसालती. अप्पा काय बोलले म्हाईत हाय? तू होतास की, अक्काच्या कडेवर. म्हणाले, "शहाणं हाय यंत्र. मालकिणीवर गेलंय." आणि गेले आत.

मी म्हटलं, काय संबंध? काल अख्खा दिवस मी डोक्याला हात लावून बसले. मोटर बघितली, तारा बघितल्या. म्हटलं, पांढऱ्या शर्टाचा उजेड कॅमेऱ्यात जात असंल, म्हणून चिमणाबाईला पांढरी चादर पांघरून दारातनं आणलं — तिच्याकडं नीट बघितलं! भूत आल्यागत ती आली आणि ढब्बूनं तिला चमचा दिला! म्हणजे नुसत्या शर्टाचा दोष न्हाई. मग माझ्या मनात आलं, गुरूलाच विचारावं. म्हणून ढब्बूच्या कॅमेऱ्यांतलं तुझ्या आठ आठवड्यांचं सगळं रेकॉर्डिंग काढलं आणि बघत बसले. आणि शिवांशा, तू सापडलास! पुराव्यासकट! एक्केचाळीस वेळा अप्पा आत आल्यात आणि एक्केचाळीस वेळा तू तोंड फिरवलंस. लाज न्हाई वाटत? सख्खा अज्जा हाय! तुझ्यासाठी गडहिंग्लजहून लाकडी गाडा आणला त्यानं, आणि तू—

...थांब, थांब, रडू नकोस. रडू नको रे राजा. तुझ्यावर न्हाई ओरडाली मी. हे घे, वाटी घे, आपट किती आपटायची ती.

न्हाई, तू नीट ऐक, मी तुला दाखवूनच देते कसं ते. हे बघ, लॅपटॉपवर. हा तू. ही मी. हे अप्पा आले दारात. तू आधी काय केलंस? अप्पांकडं बघितलंस — हसलास पण, हे बघ, दोन्ही दात दिसाल्यात — आणि मग लगेच माझ्याकडं बघितलंस. माझ्या तोंडाकडं. का बघितलंस? कारण अकरा महिन्यांच्या पोराला एवढंच कळतंय, दारात कोण आलं हे आपल्याला ठरवायचं नसतंय, आपलं माणूस काय करतंय ते बघायचं. मावशी हसली तर हसायचं. मावशी घाबरली तर रडायचं. आणि मावशी काय कराली... बघ की, स्क्रीनवर आपली मावशी काय कराली?

भिंतीकडं बघालीय.

व्हय. मी. हे बघ, पुढचं पण तेच. त्याच्या पुढचं पण. लॅपटॉप असला की लॅपटॉपमधी, नसला की भिंतीकडं. इथं तर नुसता भिंतीवरचा खिळा बघत बसलीय, खिळा! आणि तू माझ्याकडनं शिकलास, आणि ढब्बू तुझ्याकडनं. ढब्बूची काय सुद्धा चूक न्हाई. एकदम बरोबर शिकलाय तो. मला अभिमान वाटायला पाहिजे खरं तर.

आता तू म्हणशील, मावशी का बघत न्हाई अज्जाकडं. म्हणशील की न्हाई? म्हणायला लागशील एक वर्षानं. तर आधीच सांगून ठेवते, अप्पाच माझ्याशी बोलत न्हाईत. नोकरी सोडल्यापासनं. कायमची नोकरी, कंपनीची बस दारात यायची, ती सोडून पोरगी घरात बसून डब्याला डोळे लावालीय — त्यांचं म्हणणं. चारचौघांत म्हणाले, नेसरीचे पाहुणे बसलेते, त्यांच्या पुढं म्हणाले, "आमची धाकटी बाहुल्या करती." बाहुल्या! मला किती लागलं असंल? म्हणून त्यांनी बोलायचं बंद— न्हाई, म्हणजे... हे बघ, इथं आवाज ऐक, वाटी आपटू नको जरा. "चहा घेणार का गं?" कोण म्हणालं? अप्पा. कुणाला? आणि इथं, दोन आठवड्यांनंतरचं — "जेवलीस का?" आणि इथं, "पावसात जाऊ नको, छत्री घे." आणि बाई खिळा बघालीय. मला आठवतच न्हाई रे हे. खरंच आठवत न्हाई. मला वाटत होतं घरात कसलं शांत शांत झालंय.

आणि पाहुण्यांच्या पुढं ते बाहुल्या म्हणाले, त्यावर मी काय बोलले ते... ते रेकॉर्डिंगच्या आधीचं हाय, ढब्बू पुरा झाला नव्हता तेव्हा. ते काय कुठं सापडायचं न्हाई. तू पण पाळण्यात होतास. मी म्हणाले... जाऊ दे. तुला सांगून काय उपयोग, तू कुठं कुणाला सांगणार हाईस? मी म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली. स्वतःचं म्हणून एक तरी केलं का?" पाहुणे चहाची बशी तशीच धरून बसले. छत्तीस वर्षं फिटर होता माणूस, शिवांशा. माझ्या हातात पहिला पाना त्यांनीच दिलेला, चौथीत असताना, सायकलची चेन बसवायला. न बोलता दिलेला. मी चेनकडं बघितलं आणि त्यांनी पाना पुढं केला...

...एक मिनिट.

न्हाई, काय न्हाई. आत्ताच डोक्यात आलं. मी कागलच्या त्या पिंजऱ्याला श्रेय देत बसलेते सगळं.

बरं, रडकं काय बोलायचं न्हाई, आता मजा बघ. खरी मजा पुढंच हाय. पहिल्या आठवड्यात ढब्बूची मान कुरकुरत होती, आठवतंय? कुर्र, कुर्र, तू खदाखदा हसायचास. मग एक दिवस आपोआप थांबली. मी वहीत लिहून ठेवलंय, इंग्रजीत, ऐटीत — मोटर वापरून वापरून सैल झाली म्हणून. वापरून वापरून! हे बघ. पाच वाजल्यात, मी शिकवणी घ्यायला गेलीय, कॅमेरा तसाच चालू. तू चटईवर. आणि कोण आलं? चोरपावलानं? हे बघ पांढरा शर्ट. हातात काय हाय? शिलाई मशीनच्या तेलाचा तो बारक्या चोचीचा डबा, बूड अंगठ्यानं दाबायचा. कॅमेऱ्याच्या खाली, ढब्बूच्या मानेला चोच लावली, आणि — टुक टुक. टुक टुक.

काय रे गुलामा! टुक टुक! तीच का तुझी टुक टुक? महिनाभर तू सगळ्या जगाच्या मानेला तेल घालत फिरालायस, आणि आम्ही तुझी दृष्ट काढालोय, डॉक्टरला दाखवालोय! अव्वानं तर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या दोनदा! आणि तू सांगालायस, अगं मावशे, मान आपोआप थांबत न्हाई, रोज संध्याकाळी अज्जा तेल घालतोय, अशी टुक टुक, बघ, अशी! आणि हे बघ, शेवटी अप्पा काय कराल्यात — कॅमेऱ्यात बघून तोंडावर बोट ठेवून म्हणाल्यात, "सांगू नको तिला." कॅमेऱ्यालाच! ज्याच्यात सगळं रेकॉर्ड होतंय त्यालाच सांगाल्यात, सांगू नको म्हणून! आणि मागं तू पण बोट तोंडावर. नाकात गेलंय, पण प्रयत्न केलास.

आणि परवा, ढब्बूनं त्यांच्याकडं तोंड फिरवलं त्या दिवसापासनं, तेल बंद. ऐक. कुर्र. ऐकलंस? परत कुरकुरालीय.

हां. तर आता उद्याचं काय? उपाय हाय. दहा मिनिटांचा. या एक्केचाळीस तुकड्यांवर खूण करायची, हे बटण दाबायचं, पुसून टाकायचं. ढब्बूला मग अप्पा म्हणजे कोण तेच म्हाईत नसंल. नवं माणूस दारात आलं की बघंल, पावण्यांना चमचा देईल, सगळं सुरळीत. सकाळपासनं चार वेळा बोट ठेवलं या बटणावर. अप्पांना पुसायचं. सोपं हाय. पण तू असा समोर बसतोस मांडी घालून, आणि मला कोडं पडतंय — ढब्बूतनं पुसता येतंय रे, तुझ्यातनं कसं पुसू? तुला कुठं हाय बटण? तू तर उद्या शाळेत जाशील, लग्न करशील, आणि पांढऱ्या शर्टातलं म्हातारं माणूस दारात आलं की तुझी मान आपली भिंतीकडं, आणि तुला कळणार पण न्हाई कुणी शिकवलं.

दुसरा उपाय पण हाय. तो लांबचा हाय. जेवढ्या वेळा चुकीचं दाखवलं, तेवढ्या वेळा बरोबर दाखवायचं. पण त्याला—

फाटकाची कडी वाजली. बंधाऱ्यावरनं फिरून आले वाटतं. एवढ्यात? चार पण वाजले न्हाईत. अव्वा-अक्का नेसरीच्या लग्नातनं यायच्या आधी ते आत जाऊन झोपतील आणि... चपला काढाल्यात. तू गप बस. ए, माझ्याकडं काय बघतोस? दाराकडं बघ. दाराकडं बघ की रे, अज्जा आला! माझ्या तोंडावर काय लिहिलंय? आणि हा ढब्बू — कुर्र — याला चालू कुणी ठेवला? हा पण तुझ्या मागनं माझ्याकडंच. बघा, दोघंबी बघा. परीक्षाच घ्या माझी.

अप्पा.

...अप्पा, आत जाऊ नका. थांबा जरा. ढब्बूची मान कुरकुरालीय परवापासनं. तुमचा तो तेलाचा डबा... व्हय, मला कळलंय. यानं सांगितलं. तुम्ही बोट ठेवलं होतं तोंडावर, पण हा टुक टुक करून सगळं ओकला. आणि ते मी पाहुण्यांच्या पुढं बोलले ना, ते मी... बरं, तेल आणा आधी. न्हाई, थांबा, तेल पण नंतर. आधी परत बाहेर जावा. न्हाई हो, हाकलत न्हाई! बाहेर जावा आणि परत आत या, दारातनं, रोज येता तसं. मी बघते तुमच्याकडं. नुसतं एवढंच करायचं — तुम्ही यायचं, मी बघायचं. किती वेळा? एक्केचाळीस. पाय दुखले तर मधी बसा. चपला घालून-काढून यायला पाहिजे असं काय न्हाई. घातल्या तर बरंच.

आणि तू रे, तू काय अजून माझ्या तोंडाकडं बघत बसलायस? तुझं काम झालं. सरक, वाट सोड. त्यांना आत येऊ दे.